व्युत्पत्ती अज्ञात

सकाळच्या शिकवणीत शेनॅनिगन हा शब्द चालला होता आणि दीपमालाचा घसा बसला होता. साताऱ्यात, गोडोलीतल्या तिच्या फ्लॅटमध्ये नुकतं उजाडलेलं, आणि पडद्यावरच्या स्वानंदीकडं, तिकडं न्यू जर्सीत, जेवणं उरकून भांडी वाजत होती. बारा वर्षांची पोर, आईबाप मूळचे वाईचे, आणि तिला अमेरिकेतल्या स्पेलिंगच्या स्पर्धेत उतरायचं होतं. त्या स्पर्धेचं एक शास्त्र असतं. नुसती घोकंपट्टी कामाची नाही. शब्दाची आई कोण, बाप कोण, तो कुठल्या मुलखातून कुठल्या गलबतावर चढून इंग्रजीत उतरला, हे कळलं की त्याची अक्षरं आपोआप सापडतात. हे शास्त्र दीपमालाला यायचं. आटपाडीची पोरगी साताऱ्यात बसून अमेरिकेतल्या पोरांना इंग्रजी शिकवते म्हटल्यावर गावात लोक तोंडात बोट घालायचे. तिला स्वतःला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. रोज उठून दुसऱ्यांच्या शब्दांच्या सोयरिकी सांगायच्या, त्यांची कुळं काढायची, आणि मग आमटीभात करून एकटीनं जेवायचं. चाळिशी उलटल्यावर माणूस दमतं म्हणतात, पण ती कामानं दमली नव्हती. ती कशानं दमली होती हे तिलाही सांगता आलं नसतं.

"मॅम, लँग्वेज ऑफ ओरिजिन?" स्वानंदीनं विचारलं. "अज्ञात," दीपमाला म्हणाली. लबाडी, चावटपणा असा त्या शब्दाचा अर्थ. कोणी त्याचं मूळ आयर्लंडच्या कोल्ह्यात शोधतं, कोणी स्पॅनिश फसवणुकीत, पण छातीठोकपणे कोणीच सांगत नाही. शब्दकोशात अशा शब्दापुढं दोनच शब्द असतात, व्युत्पत्ती अज्ञात, आणि मनातल्या मनात दीपमालाला हेच शब्द जास्त आवडायचे. त्यांना कोणी विचारत नाही, बाई तू कोणाची. पोर अक्षरं जुळवत होती तेवढ्यात फोन थरथरला. बाळासो, तिचा धाकटा भाऊ. तिनं उचलला नाही. मग त्याचा आवाज टेप होऊन आला, तो तिनं एका कानाला लावला. "दिपे, हे ऐक," बाळासो म्हणाला, आणि त्यानं फोन कोणाच्या तरी तोंडाजवळ धरला असावा, कारण आधी नुसता श्वास आला, जड, ओला. मग आबांचा, त्यांच्या वडिलांचा, आवाज. "शेगेन." थोडं थांबून पुन्हा, "शेगेन." शेवट वर उचललेला, आणि शेवटचं अक्षर जिभेखाली गेलेलं. मग बाळासो म्हणाला, "चार दिस झालं, आबा येवढा एकच शबुद बोलत्यात. दुसरं काय न्हाई. आई म्हणती शेगाव म्हणत्यात, महाराजांनी बोलावलंय. उद्या पहाटं गाडी सांगितलीया. तू तर शब्दांची डाक्टर. तुला काय उमगतंय का बघ, न्हाईतर आमी निघालो."

दीपमालानं फोन कानावरून काढला. पडद्यावर स्वानंदी अक्षरं संपवून तिच्याकडं बघत होती. बरोबर की चूक, हे दीपमालानं ऐकलंच नव्हतं. "बरोबर," ती म्हणाली, आणि शिकवणी मोडून टाकली. महिना होत आला होता आबांना झटका येऊन. मिरजेच्या दवाखान्यात ती आठवडाभर राहिली होती, तेव्हा आबा नुसते बघायचे; उजवा हात मेलेला, तोंड वाकडं, शब्द एक नाही. डॉक्टर तरुण होते, घाईत होते. म्हणाले, मेंदूच्या डाव्या बाजूला फटका आहे, वाचा गेलीय, ऐकू मात्र सगळं येतं. त्या ऐकू सगळं येतं या बोलण्याचा सगळ्यांना केवढा आधार वाटला होता. आई तर पदर डोळ्याला लावून म्हणाली होती, चला, निदान कळतंय तरी. मग घरी नेलं, दीपमाला साताऱ्याला परतली, शिकवण्या सुरू झाल्या. परतायला नको होतं असं नाही; राहून तरी ती काय करणार होती? शेगावचा रस्ता दहा-बारा तासांचा, जीपमध्ये, अशा माणसाला घेऊन. डॉक्टरांनी धक्का बसू देऊ नका म्हणून बजावलं होतं. आई ऐकणारी नव्हती. आणि आईला अडवायला हातात काहीतरी पाहिजे, नुसतं नको म्हणून भागणार नाही. म्हणजे तो शब्द लावायचा, आणि तो आजच लावायचा.

एसटीत खिडकीची जागा मिळाली हे एक नशीब. कोरेगाव गेलं, पुसेगाव गेलं, ऊन वर आलं, आणि दीपमाला डोकं काचेला टेकवून शे या अक्षरापासून निघणारे शब्द चाळत राहिली. सवय वाईट. बाप अंथरुणात पडलाय आणि पोरगी कोश चाळते. पण करणार काय, तिला दुसरं येत काय होतं? शेगेन. शॅग्रीन म्हणून एक शब्द आहे, गाढवाच्या पाठीच्या कातड्याचा, तुर्की मुळाचा. त्याचाच भाऊ म्हणजे चॅग्रिन. ते खरखरीत कातडं जिवाला घासत राहावं तसं दुःख. छे, आबांना कुठून माहीत असणार. आबा, म्हणजे नाथाजीराव, सैन्यात सिग्नलमध्ये होते. जबलपूरला शिकले, मग कानाला हेडफोन लावून वायरलेसवर आयुष्य काढलं आणि हवालदार होऊन घरी आले. त्यांच्याजवळ इंग्रजी होतं ते सगळं पलटणीतलं, मोडकं, झिजून गुळगुळीत झालेलं. पलटण हाही शब्द तिनं एकदा त्यांना उलगडून सांगितला होता. मूळ फ्रेंच, आबा, त्याचा अर्थ लहानसा चेंडू, दोऱ्याच्या गुंडीसारखा. माणसांचा गोळा म्हणून पलटण. लान्सनायक यातला लान्स म्हणजे भाला, पण मुळात मोडलेला भाला. आबा ऐकून घ्यायचे, हसायचे. "आमी मोडलेलंच की गं," म्हणायचे. एवढंच. त्यांचं बोलणं नेहमीच तोलूनमापून. वायरलेसवर जादा बोलणाऱ्याला शिव्या बसतात, ती सवय घरात आणली होती त्यांनी. आईला त्याचा राग. ती म्हणायची, लगीन रेडिओशी झालं असतं तर बरं, निदान गाणी तरी लागली असती.

दहिवडीला गाडी थांबली तेव्हा शेजारी एक बाई लेकरू घेऊन बसली आणि लेकराचा पाय दीपमालाच्या मांडीवर आला. तिनं तो तसाच राहू दिला. सांगलीला कॉलेजात पाठवलं तिला ते आबांनीच. पोरीला वसतिगृहात ठेवतो म्हटल्यावर भावकीत केवढा गलका झाला होता. आबा एक शब्द बोलले नाहीत, ट्रंक उचलली आणि गाडीत टाकली. पहिल्या दिवाळीला ती परत आली ती बोली बदलूनच. न्हाईला नाही, हायला आहे, कवाला केव्हा. वर्गातल्या पोरी हसल्या होत्या तिला, सांगलीच्या, तेल लावून वेण्या घातलेल्या, नाकातून बोलणाऱ्या. म्हणून तिनं जीभ घासूनपुसून घेतली होती. आणि गाढवपणा असा की घरी आल्यावर तिनं आबांना टोकलं. "आबा, न्हाई नव्हे, नाही." आबांनी तिच्याकडं बघितलं. "बरं," म्हणाले. त्यानंतर ती समोर असली की ते आणखीच कमी बोलायचे. कदाचित तसं काही नसेलही. कदाचित तिलाच वाटत असेल. पण इतकी वर्षं झाली, ते बरं काही तिच्या कानातून जात नव्हतं. मग सांगलीतच लग्न, मग सांगलीतला तो संसार, आठ वर्षांनी एक बॅग घेऊन त्यातून बाहेर पडणं. तिनं आबांना फोनवर सांगितलं, आबा, मी घर सोडलं.  मग ते म्हणाले, "जेवलीस का?" त्यावर ती रडली होती, आणि नंतर त्यांचा रागही आला होता, की विचारायचं ते हेच? अजूनही तिला ठरवता येत नव्हतं की त्यातलं काय खरं.

म्हसवडला उतरून तिनं गाडी बदलली. सिद्धनाथाच्या शिखराला तिनं उभ्या उभ्या हात जोडले, कुलदैवत म्हणून, सवयीनं. दिघंचीच्या पुढं दोन्ही अंगाला डाळिंबाच्या बागा, त्यावर जुन्या साड्या पांघरलेल्या, मधेच उसाचा एखादा हिरवा तुकडा. पूर्वी इथं नुसत्या कुसळी आणि मेंढरं होती. घराशी पोचली तेव्हा दारात जीपमध्ये अंथरायची गादी उन्हात टाकलेली, आणि बाळासोची बायको अंकिता पिशव्या भरत होती. "आलासा ताई," ती म्हणाली, सासूला ऐकू जाणार नाही इतक्या हलक्या आवाजात. "आत्यांस्नी तुमीच सांगा. आमचं कोण ऐकतंय?" आत सोप्यात आबांची खाट. टीव्हीवर मालिका लागलेली, आवाज मोठा. आईचं म्हणणं, ह्यास्नी जरा करमतं. खाटेच्या कडेला एका ताटलीत भाजलेल्या शेंगा, कारण मधे दोन दिवस बाळासोला वाटत होतं की आबा शेंगाच मागतायत. दोन शेंगा सोलून त्यानं आबांच्या तोंडाला लावल्या होत्या आणि त्या त्यांनी थुंकून दिल्या होत्या. दीपमाला खाटेवर त्यांच्या शेजारी बसली. केस कापलेले, दाढी आठवड्याची. इतका मोठा माणूस, आणि चादरीखाली काही उरलंय की नाही असं वाटावं. "आबा," ती म्हणाली, "कशी आहे तब्येत? मी सकाळीच निघाले, बाळासोचा फोन आला म्हणून, पण म्हसवडला गाडीच मिळेना." आबांनी मान वळवली. त्यांचे डोळे तिच्या चेहऱ्यावर फिरले, ओठांवर थांबले. "शेगेन," ते म्हणाले.

"बघ," आई दारातून म्हणाली. "बघ म्हंजी झालं. शेवटचं अक्षर जिभंखाली जातंय, दुसरं काय न्हाई. शेगावच हाय." अंजनाबाई, सत्तरीची बाई, पण ठाम उभी राहिली की गाव हलेल ती हलायची नाही. दीपमाला म्हणाली, "आई, डॉक्टर म्हणालेत की अशा आजारात एखादा शब्द नुसता अडकून राहतो. त्याला काही अर्थ असेलच असं नाही." "अर्थ न्हाई?" आई पुढं आली. "पन्नास वर्सं संसार केला म्या ह्यांच्यासंगट. ह्यो माणूस बिनअर्थाचं कवा बोललाय? तूच सांग."  मग आईनं आवाज खाली आणला, आणि ते जास्त वाईट होतं. "तुझ्या लग्नाच्या वक्ताला म्या बोलली हुती, पोरीचं नीट हुंदे, जोडीनं शेगावला घेऊन येती. जायाचं ऱ्हायलं. मग तुझं ते तसं झालं. ह्यांच्या मनात त्येच हाय. बोलत न्हाईत, पर मनात हाय. आता वाचा गेली तर तेवढंच वर आलंय." म्हणजे तेही तिच्याच माथी. दीपमालाला एकदम इतकं थकल्यासारखं झालं की तिथंच खाटेच्या पायथ्याशी आडवं व्हावं. वाद घालायचा तर कशाच्या जोरावर? आई चूक म्हणावी तर बरोबर काय ते आपल्याला ठाऊक नाही. बाप एक शब्द बोलतोय, एकच, आणि ज्या पोरीला जगातल्या शब्दांची कुळं पाठ, तिला तो लागत नाही.

दुपारभर ती लागून राहिली. आबा, पाणी? आबा, बाहेर बसायचंय? आबा, दुखतंय कुठं, डॉक्टरांना बोलावू? प्रत्येक प्रश्नाला तेच, कधी हळू, कधी चिडून, एकदा तर डाव्या हातानं खाटेची पट्टी आपटून. तिनं मोबाइलवर शेगावचं देऊळ काढून दाखवलं. आबांनी बघितलं आणि नजर काढून घेतली. आई म्हणाली, बघ, डोळ्यात पाणी आलं. पाणी तर त्यांच्या उजव्या डोळ्यातून सारखंच येत होतं. मग दीपमाला शब्द टाकत राहिली, शेगडी, शेजघर, शेगटाच्या म्हणजे शेवग्याच्या शेंगा. मग इंग्रजी. पलटणीतलं काही, एखाद्या साहेबाचं नाव, एखादं गाव, सीमेवरचं. ज्या शब्दाचं मूळ सापडत नाही तो शब्द पूर्वी तिला मोकळा वाटायचा, आणि आज तिला वाटलं की किती निर्दय असतात ते दोन शब्द कोशातले. अज्ञात म्हणायचं आणि पुढच्या शब्दाला जायचं. इथं पुढचा शब्दच नाही. चहा आला. शेजारच्या दोन बाया बघायला येऊन गेल्या, खाटेशी उभ्या राहून आईला विचारून गेल्या, जेवत्यात का, शी-शू समजतंय का, आणि आई त्यांना सगळं सांगत राहिली. वारं गेलं बघा अंगावरनं, सकाळी धडधाकट उठलं हुतं. आबा एकीकडून दुसरीकडं बघत होते. शेगेन. बाया म्हणाल्या, माउली, महाराजांचं नाव घेत्यात. आणि पदर सावरून निघून गेल्या.

ऊन उतरलं तेव्हा जीपवाल्याचा फोन आला. अंगणात रेंज धड नाही. बाळासो एकदा डाळिंबाकडं गेला, एकदा टाकीच्या कट्ट्यावर चढला. "आवाज तुटतोय," तो ओरडला. "आँ? किती वाजता? परत सांग!" मग थांबला, कान दाबून धरला. "न्हाई आलं रं. परत सांग!" दीपमाला आत चादर नीट करत होती. आणि आबा म्हणाले, "शेगेन." तिचे हात चादरीवरच थांबले. बाहेरून पुन्हा, "परत सांग." आत, "शेगेन." तीच चाल. सुरुवातीला सपाट, शेवटाला वर उचललेली, तशीच वाट बघत थांबलेली. बाहेर भाऊ आणि आत बाप, दोघं एकच वाक्य बोलत होते.

से अगेन.

लहानपणी आबा सुटीवर आले की ती आणि ते वायरलेस खेळायचे, ती विहिरीच्या काठावर, ते गोठ्याशी. तोंडाला ओंजळ लावून बोलायचं, आणि कळलं नाही तर काय म्हणायचं ते आबांनी तिला शिकवलं होतं. रिपीट नाही म्हणायचं, पोरी. रिपीट म्हटलं की तोफखाना पुन्हा गोळा टाकतो. से अगेन म्हणायचं. तिनं आयुष्यात शिकलेलं ते पहिलं इंग्रजी वाक्य होतं. आणि आज दिवसभर ती तुर्की गाढवाच्या कातड्यात शोधत बसली होती. देवा रे. ते काही मागत नव्हते. ना शेंगा, ना शेगाव, ना कोणाचा नवस. त्यांना ऐकू येत होतं, आवाज येत होता, सगळ्यांचा, मालिकेचा, बायांचा, आणि त्यातलं काही लागत नव्हतं. आपल्याच घरात, आपल्याच माणसांचं बोलणं परक्या मुलखातल्यासारखं कानावर येत होतं, आणि ते जिथं आयुष्य काढलं तिथल्या शिस्तीनं, न ओरडता, चार दिवस सांगत होते, कळलं नाही, पुन्हा सांगा. आणि कोणीही पुन्हा सांगितलं नव्हतं. जो तो पुढचंच बोलत होता.  स्वतःचा इतका राग तिला सांगलीतून निघतानाही आला नव्हता.

तिनं उठून टीव्ही बंद केला. "का गं?" आई म्हणाली. "थांब आई. आबा शेगाव म्हणत नाहीत. ते म्हणतायत परत सांगा. त्यांना आपलं बोलणं कळत नाहीये." आई म्हणाली, "डाक्टर म्हणलं सगळं ऐकू येतंय." "ऐकू येतंय आई. लागत नाहीये." अगेन या शब्दाचं कूळ दीपमालाला ठाऊक होतं, आणि असल्या माहितीचा तिला आजवर पोट भरण्यापलीकडं काही उपयोग झाला नव्हता. फार जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ पुन्हा असा नव्हताच. त्याचा अर्थ होता समोर. तोंडासमोर. दिवसभर ती त्यांच्या शेजारी बसून बोलली होती, चादर ओढता ओढता, आईकडं बघत. तिनं स्टूल ओढलं, खाटेच्या समोर ठेवलं, गुडघ्याला गुडघा लागेल इतकं जवळ, आणि त्यांचा मेलेला उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. सांगायचं काय, याचा तिला विचार करावा लागला नाही. खाटेवरच्या माणसाला सगळ्यात आधी काय कळायला पाहिजे? मिरजेपासून आजपर्यंत सगळ्यांनी ते एकमेकांना सांगितलं होतं, भावकीला, शेजारणींना, फोनवर पुण्या-मुंबईला. त्यांच्यासमोर बसून त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

"आबा," ती म्हणाली, "तुम्हाला अर्धांगवायूचा झटका आला होता." आबांचे डोळे तिच्या ओठांवर. "शेगेन." ती थांबली. इंग्रज त्याला फटका म्हणतात, देवाच्या हाताचा फटका. तिची भाषा अर्धांगवायू म्हणते, दवाखान्याच्या पाटीवर लिहितात तसं. आणि आबांच्या घरात? आबांच्या घरात त्याला काय म्हणतात ते आई दुपारपासून आल्यागेल्याला सांगत होती. दीपमालाच्या तोंडात ती बोली कित्येक वर्षांत आली नव्हती, आणि आता आणायची म्हटल्यावर जीभ अडखळली. "आबा. म्या दिपी हाय." तिनं स्वतःच्या छातीवर हात ठेवला. मग त्यांचा उजवा हात थोडा वर उचलला आणि सोडला. तो तिच्या मांडीवर पडला. "वारं गेलं, आबा. तुमच्या अंगावरनं वारं गेलं."  आबांचा श्वास मोठा झाला. "शेगेन," ते म्हणाले, पण या वेळी हळू, तिच्याकडं वाकून, शब्दाला हात घातल्यासारखं. "वारं गेलं. ह्यो हात गेला. बोलणं गेलं. तुमी हितं घरात हाय. आमी हाय." आई मागून म्हणाली, "कशाला सांगतीस गं त्यास्नी?" आणि तिचा आवाज फाटला. दीपमाला थांबली नाही. पुन्हा सांगितलं. तेच शब्द, त्याच क्रमानं, एकही जादा नाही. मग आणखी एकदा.

कितव्या वेळी ते पोचलं ते तिला कळलं नाही. आबांनी तिच्या ओठांवरची नजर काढली आणि ती आपल्या उजव्या हाताकडं नेली. डाव्या हातानं त्यांनी तो हात उचलला, मनगटाशी धरून, उलटा केला, तळवा बघितला, परत ठेवला. मग त्यांनी दीपमालाकडं बघितलं, आणि पुढचा कितीतरी वेळ ते शेगेन म्हणाले नाहीत. तोंड वाकडं होत गेलं, आधीच वाकडं होतं ते, आणि ते रडले, आवाज न करता. घरात त्यांना असं कोणी कधी बघितलं नव्हतं. बाळासो फोन हातात घेऊन उंबऱ्यात उभा होता. पलीकडचा जीपवाला हॅलो हॅलो करत होता, ते त्याच्या ध्यानातही नव्हतं. दीपमालाला वाटलं, हे मी काय केलं. एक शब्द होता त्यांच्याजवळ, तोही गेला. मग वाटलं, नाही, शेवटी एकदाचं त्यांना कोणीतरी उत्तर दिलं. दोन्ही खरंच होतं, आणि ती त्यांचा हात धरून नुसती बसून राहिली.

"म्हंजी," आई म्हणाली. ती भिंतीला धरून उभी होती. "म्हंजी इतकं दिस ह्यास्नी ठावंच नव्हतं? काय झालंय त्ये?" तिनं एकेकाकडं बघितलं. "आँ? मी मेली सगळ्या गावाला सांगत बसली, आणि ह्यास्नीच ठावं नव्हतं?" अंकितानं हातातली पिशवी खाली ठेवली. बाळासोनं फोन कानाला लावला, "नगं गाडी, ऱ्हाऊ दे," म्हणाला आणि बंद केला.

आई पुढं आली. दीपमालाच्या खांद्याला धरून तिनं तिला उठवलं आणि स्वतः त्या स्टुलावर बसली, खाटेच्या समोर. पन्नास वर्षांत ती नवऱ्याच्या समोर अशी तोंडाला तोंड देऊन कधी बसली असेल असं दीपमालाला वाटेना. तिचं बोलणं सगळं चुलीकडून, अंगणातून, पाठमोरं. तिनं पदरानं त्यांचे डोळे पुसले, मग नाक पुसलं, मग आपलं. "आवं," ती म्हणाली. "इकडं बघा. त्या दिशी सकाळी तुमी गोठ्यात गेला हुता." आबांनी तिच्या तोंडाकडं बघितलं.

"शेगेन."

"सांगती की," अंजनाबाई म्हणाली. "परत सांगती. मला कुठं जायाचंय?" आणि ती पहिल्यापासून सांगायला लागली.